लोखंडी कठड्यामागचे घर

वाचकांचे प्रश्न : वास्तू

गेल्या अंकात या सदरात इंग्लंडमधील चेल्टनम शहराच्या एका रस्त्याचे छायाचित्र छापले होते. एकमेकांना भिंत लावून उभी असलेली पांढऱ्या गिलाव्याची चार मजली घरे, खाली रस्त्याच्या कडेने भाल्यासारख्या टोकांचे काळे गज, आणि पहिल्या मजल्यावर लोखंडी नक्षीचे सज्जे असे ते छायाचित्र होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक किनारपट्टीवरून आली आहेत, आणि त्याचे नवल वाटत नाही. लोखंड आणि खारा वारा यांचे भांडण ज्यांच्या घरी बारा महिने चालते, त्यांचे डोळे नेमके गजांवर जाणार. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी लंडनमध्ये अशाच एका जुन्या घरात भाड्याने राहते. तिने पाठवलेल्या फोटोंत घराची भिंत आणि पदपथ यांच्यामध्ये पुरुषभर खोल खड्डा दिसतो आणि त्याभोवती टोकदार गजांचा कठडा आहे. आपल्याकडे दारापुढे अंगण असते, पडवी असते. दारातच खड्डा खणून त्याला भाले लावण्याचे प्रयोजन काय? ही शोभा आहे की चोरांची भीती? (मालवण)

उत्तर : शोभा आणि चोर ही दोन्ही कारणे खरी आहेत, परंतु ती मागाहून आली. कठडा मुळात कोणी खड्ड्यात पडू नये म्हणून आहे आणि खड्डा तळघराला उजेड व वारा मिळावा म्हणून आहे. तेव्हा आधी घराची आखणी समजून घेतली पाहिजे.

अठराव्या शतकातले इंग्लिश शहरी घर आपल्या घरांसारखे जमिनीवर पसरत नाही, ते उभे चढते. लंडनच्या मोठ्या जमीनदारांनी आपल्या जमिनी सहसा विकल्या नाहीत. त्या दीर्घ मुदतीच्या, पुढे बहुधा ९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने बांधकाम करणाऱ्यांना दिल्या. रस्त्यालगतची जागा मोलाची, त्यामुळे प्रत्येक घराच्या वाट्याला रुंदी थोडी आणि लांबी जास्त आली. चांगल्यापैकी घराचा दर्शनी भाग वीस ते चोवीस फुटांचा असे आणि दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असत. या पट्ट्यात प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक खोली आणि एका बाजूने जिना. तळघरात स्वयंपाकघर, रस्त्याच्या पातळीवर जेवणाची खोली, तिच्यावर दिवाणखाना, त्यावर निजण्याच्या खोल्या आणि पोटमाळ्यावर नोकरांची झोपण्याची सोय, हा क्रम इतका ठरलेला की तो रस्त्यावर उभे राहूनही वाचता येतो. दिवाणखान्याच्या खिडक्या सर्वांत उंच. वर जावे तशा खिडक्या आखूड होत जातात आणि सर्वांत वरच्या जवळजवळ चौकोनी होतात.

तळघर पूर्ण जमिनीत पुरलेले नसते. पाया खणताना निघालेली माती पुढे टाकून रस्ताच उंच केला जाई. म्हणून पुढून जे तळघर वाटते ते मागच्या बागेच्या बाजूने पुष्कळदा जमिनीच्या पातळीवर असते. उंच केलेला रस्ता आणि घराची भिंत यांच्यामध्ये जी जागा मोकळी ठेवली, तोच आपल्या मुलीच्या फोटोतला खड्डा. त्याच्या रस्त्याकडच्या अंगाला, थेट पदपथाच्या पोटात, विटांच्या कमानी घातलेल्या कोळशाच्या कोठ्या असतात. मुलीला सांगून पदपथ नीट पाहायला लावावे: साधारण फूटभर व्यासाचे बिडाचे गोल झाकण तिथे अजूनही असण्याचा संभव आहे. कोळसेवाला ते उचलून पोते खाली रिकामे करी आणि घरात धूळ येत नसे. झाकणावर उठावाची नक्षी असते ती पाय घसरू नये म्हणून, आणि भोक लहान ठेवलेले असते ते त्यातून माणूस उतरू नये म्हणून. नोकरचाकर आणि माल खड्ड्यातल्या अरुंद जिन्याने तळघराच्या दाराशी जात. मालक आणि पाहुणे खड्ड्यावर टाकलेल्या दगडी पायऱ्यांवरून मुख्य दाराशी येत. आपल्याकडच्या पुढीलदार-मागीलदाराचा भेद त्यांनी वर-खाली बसवला, इतकेच.

आता हे सगळे काम लोखंडाचेच का, याचे उत्तर बरेचसे कायद्यात आहे. १६६६ च्या आगीत लंडन जळाले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने घरे विटांची किंवा दगडाची बांधण्याची सक्ती केली आणि घरांचे चार वर्ग ठरवले. १७०७ मध्ये छपराच्या कडेच्या लाकडी पागोळीपट्ट्यांना मनाई झाली, त्यामुळे छपरापुढे विटांची भिंत उचलून छप्पर तिच्याआड घेण्यात आले. १७०९ मध्ये खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत बसवण्याचा नियम आला. १७७४ च्या कायद्याने तर वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांची वजने ज्या लाकडी पेटीत असतात ती पेटीसुद्धा विटांच्या मागे लपवायला लावली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत दर्शनी भिंतीवरचे लाकूड जवळजवळ पुसले गेले. जे उरले ते विटांचे सपाट, शिस्तीचे तोंड. घरमालकाला काही हौस करायची, तर ती दारावरच्या पंख्याच्या आकाराच्या काचेत, दाराभोवतीच्या चौकटीत आणि लोखंडात. माझ्या मते या घरांच्या लोखंडी कामाची नजाकत त्या भिंतीच्या कोरडेपणामुळेच डोळ्यांत भरते. हेच सज्जे आपल्या कोरीव लाकडी खांबांच्या घराला लावले तर गर्दी होईल.

सज्जांची कथा याला जोडूनच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिवाणखान्याच्या खिडक्या थेट खोलीच्या जमिनीपर्यंत उतरवण्याची पद्धत आली. जुन्या घरांच्या खिडक्यांचे उंबरे कापून त्याही खाली नेल्या गेल्या. खिडकी पायापर्यंत आली की तिच्यापुढे आडोसा लागतोच. तो कधी वीतभर रुंदीचा, केवळ कुंडी ठेवण्याजोगा असे, तर कधी घराच्या पूर्ण रुंदीचा आणि वर पत्र्याचे उतरते छप्पर घेतलेला. चेल्टनम आणि ब्रायटन येथे हा दुसरा प्रकार पुष्कळ आहे आणि त्याचा नमुना हिंदुस्थानातल्या इंग्रजी बंगल्यांच्या ओसऱ्यांवरून घेतला असे मानले जाते. दाराजवळ आणखी दोन-तीन लोखंडी वस्तू शोधाव्यात: पायरीवर बुटांचा चिखल खरवडण्याची पट्टी, पायऱ्यांच्या दोन्ही कठड्यांना जोडणारी दिव्याची कमान, आणि त्या कमानीच्या बुंध्याशी शिंगासारखे एक उलटे टोपण. रात्री मशालजी पाहुण्याला दारापर्यंत सोडून त्या टोपणात मशाल खुपसून विझवीत असे.

प्रश्न : आमच्या घराच्या माडीला नक्षीचा लोखंडी कठडा आहे. पणजोबांनी तो मुंबईहून गलबतातून आणला असे घरात सांगतात. आपण छापलेल्या चित्रातील नक्षी आमच्या कठड्याशी पुष्कळ जुळते. तो हाताने घडवलेला आहे की ओतलेला, आणि इंग्लंडहून आलेला असू शकेल काय? (गुहागर)

उत्तर : नक्षी जुळते आणि प्रत्येक चौकटीत ती जशीच्या तशी पुन्हा येते, एवढ्यावरूनच तो बिडाचा, म्हणजे ओतलेला, असावा असे वाटते. खात्री करून घेण्याच्या खुणा सोप्या आहेत. कठड्याच्या मागच्या अंगावर बोट फिरवून पाहावे. ओतीव नगाची मागची बाजू पुष्कळदा सपाट, अनघड असते आणि कडेने साच्याच्या दोन अर्धुकांमधली बारीक जोडरेघ लागते. घडीव कामात अशी रेघ नसते. तिथे गज तापवून वळवलेला असतो, वेलांटीचे टोक ठोकून निमुळते केलेले असते, दोन गज जिथे एकमेकांना भिडतात तिथे त्यांना लोखंडी पट्टीचे कडे आवळलेले असते, आणि डावी-उजवी वेलांटी मोजली तर दोन-चार दोऱ्यांचा फरक सापडतो.

दोन्ही लोखंडेच, पण स्वभाव वेगळे. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त, साधारणपणे तीन-चार टक्के असतो. त्यामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा तीनशे-साडेतीनशे अंश कमी उष्णतेला वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत भरते. हाच कार्बन त्याला ठिसूळ करतो. बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला तर काय होते, हे कोकणातल्या घरात सांगायला नको. घडीव लोखंडात कार्बन नावालाच असतो आणि धातूत लोखंड गाळताना उरलेल्या मळीचे (स्लॅगचे) तंतू पसरलेले असतात. ते वाकते, ओढले जाते, आणि तुटायची वेळ आली तर तंतू-तंतू होऊन तुटते.

इंग्लंडमध्ये आधी सारे नामांकित काम घडीव होते. झाँ तिजू हा फ्रेंच लोहार सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे गेला, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचे नक्षीदार कठडे आणि सेंट पॉल कॅथीड्रलमधील जाळ्या त्याने घडवल्या आणि १६९३ मध्ये आपल्या नक्ष्यांचे पुस्तक काढले. पुढच्या पिढीत डर्बी शहरातल्या रॉबर्ट बेकवेलने त्या तोडीचे काम केले. पण याच सेंट पॉलभोवती १७१४ मध्ये जो कठडा उभा राहिला, तो लॅम्बरहर्स्टच्या भट्टीत ओतलेला, सुमारे २०० टन बिडाचा होता. वास्तुकार क्रिस्टोफर रेन यांना तो मुळीच पसंत नव्हता. वाऱ्याची दिशा मात्र त्या कठड्याने दाखवली. १७०९ मध्ये कोलब्रुकडेल येथे एब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोकवर, म्हणजे भाजून शुद्ध केलेल्या दगडी कोळशावर, लोखंड गाळले होते, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बीड मुबलक झाले. १७५९ मध्ये स्कॉटलंडमधील फॉल्कर्कजवळ कॅरन कंपनी निघाली. अ‍ॅडम बंधूंसारख्या वास्तुकारांचे आराखडे घेऊन तिने शेगड्या, कठडे, सज्जे ओतले. हृदयाच्या आकारात हनिसकलच्या फुलाचा पंखा बसवलेला जो नमुना आपण आमच्या चित्रात पाहिलात, तो तिचा सर्वांत खपलेला माल होता. फुलाचा तो आकार मूळचा ग्रीक देवळांवरचा. एकदा लाकडी नमुना कोरला की त्यावरून वाळूत हवे तितके साचे काढता येतात. एडिंबरा ते ब्रायटन तीच नक्षी दिसते ती त्यामुळे.

तुमचा कठडा तिकडून आला का, याचे उत्तर कठड्यावरच लिहिलेले असू शकते. एकोणिसाव्या शतकातल्या विलायती ओतशाळा छापील यादीतून माल विकत, प्रत्येक नमुन्याला क्रमांक असे आणि तो क्रमांक किंवा ओतशाळेचे नाव नगाच्या मागे वा खांबाच्या बैठकीवर उठावात येई. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीचा माल अशा यादीवरून जगभर जात होता. रंगाचे थर हळूच खरवडून, पण पॉलिश पेपरने बीड घासून न काढता, मागची बाजू पाहावी. नाव नसेल तर तो इथल्याच ओतशाळेतला असण्याचीही शक्यता आहे, कारण आलेल्या नगावरून साचा काढणे अवघड नव्हते. अशी नक्कल ओळखण्याचा एक उपाय आहे: बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून नगावरून काढलेला नग मूळ नगापेक्षा किंचित लहान आणि पाकळ्यांच्या कडा बोथट झालेला निघतो. कठडा कुठलाही असो, तो काढून भंगारात देण्याचा विचार घरात कोणी मांडला तर आपण विरोध करावा.

मुंबईला गेलात तर काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलची इमारत, आताचे एस्प्लनेड मॅन्शन, अवश्य पाहा. नक्षीपुरतेच नव्हे, तिथे घराचा सांगाडाच बिडाचा आहे. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केला, खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात त्या इथे जुळवल्या. ओतकाम डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीचे, म्हणजे बेकवेलच्याच गावचे.

प्रश्न : बाबासाहेबांचे लंडनमधील घर याच जातीचे आहे काय? आमच्या तालुक्यातील मंडळी पुढच्या वर्षी तिकडे जाणार आहेत, काय पाहावे? (मंडणगड)

उत्तर : बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्यांच्या तालुक्यात आहे त्यांनी हा प्रश्न विचारावा हे योग्यच आहे. वायव्य लंडनमध्ये प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. घर याच कुळातले, पण पुढच्या, व्हिक्टोरियन पिढीचे. उभी चढत जाणारी आखणी तीच. मात्र १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला आणि १६९६ पासून चालत आलेला खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये रद्द झाला, त्यामुळे या पिढीच्या खिडक्यांत लहान लहान चौकोनांऐवजी मोठ्या काचा आल्या आणि दर्शनी भिंत सपाट राहण्याचा आग्रह सुटत गेला. आपल्या मंडळींनी सकाळी आधी ब्लूम्सबरीतला बेडफर्ड स्क्वेअर पाहावा. १७७५ ते १७८३ च्या दरम्यान बांधलेला हा चौक चारही बाजूंनी जवळजवळ शाबूत आहे आणि तिथले कठडे, दारे व सज्जे पाहून मग किंग हेन्रीज रोडला गेले की शंभर वर्षांचा फरक आपोआप कळतो. वेळ उरल्यास मेडा व्हेलमध्ये १०, हाऊली प्लेस या घरावर रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे. १९१८-१९ मध्ये ते तिथे राहत होते. क्रमांक तिथेही १० च, हा योगायोग.

प्रश्न : लंडनमध्ये कित्येक बुटक्या भिंतींच्या माथ्यावर ओळीने लोखंडाचे बुंधे दिसले, पण गज नव्हते. (अलिबाग)

उत्तर : दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, युद्धसामग्रीच्या नावाने सरकारने घरांचे व बागांचे कठडे कापून नेले. विशेष कलामूल्य असलेल्यांना सूट होती, तरी पुष्कळ चांगले काम गेले. आपण पाहिलेत ते कापलेल्या गजांचे राहिलेले तुकडे.

प्रश्न : वेंगुर्ल्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चिऱ्याचे घर बांधत आहोत. पहिल्या मजल्यावर इंग्लिश पद्धतीचा लोखंडी सज्जा हवा आहे. फॅब्रिकेशनवाले ‘रॉट आयर्न’ वापरू म्हणतात. टिकेल का?

उत्तर : पहिली गोष्ट, बाजारात रॉट आयर्न म्हणून मिळते ते माइल्ड स्टील असते. खरे घडीव लोखंड करण्याचा धंदा इंग्लंडमध्येही १९७० च्या दशकात बंद झाला. माइल्ड स्टील वाईट नाही, पण खाऱ्या हवेत ते जुन्या घडीव लोखंडापेक्षा लवकर गंजते, हे धरूनच चालावे.

दुसरी गोष्ट बैठकीची. जुन्या इंग्लिश कामात काठाच्या दगडाला भोक पाडून त्यात गजाचे खाच पाडलेले टोक उभे करीत आणि भोवती वितळलेले शिसे ओतीत. शिसे थंड होऊन आकसले की छिन्नीने ठोकून पुन्हा घट्ट बसवीत. हा सांधा चांगला; तरीही जिथे पाणी शिरले तिथे लोखंड गंजून फुगले आणि दगड तडकला. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यापुढे दगडाचे काही चालत नाही. लंडनला वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या किनाऱ्यावर तो तीन हजारांच्या घरात, आणि वर चिरा पाणी पिणारा. म्हणून गज चिऱ्यात पुरू नयेत. सज्जाच्या काँक्रीटवर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घेऊन पट्टी बसवावी, ती जमिनीपासून थोडी उचललेली असावी आणि तिच्याखाली पाणी थांबू नये. स्टेनलेस आणि इतर लोखंड जिथे भिडते तिथे मधे नायलॉनचे वॉशर घालावेत, नाहीतर खाऱ्या ओलीत गंज तिथूनच सुरू होतो.

सगळे कापणे, वेल्डिंग आणि भोके पाडणे आधी उरकून मग पूर्ण चौकट वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करून घ्यावी. पोकळ नळ्या वापरल्या असतील तर त्यांना वाफ निघून जाण्याची भोके ठेवायला फॅब्रिकेटरला आठवणीने सांगावे. बंद नळी जस्तात फुटू शकते. जस्तावर साधा रंग धरत नाही, त्यासाठीचा प्रायमर वेगळा मिळतो. नक्षी निवडताना पाणी साचेल अशी सपाट पाने आणि एकमेकांवर दाबून बसवलेल्या पट्ट्या टाळाव्यात. सरळ गज आणि मोजक्या वेलांट्या दिसायला चांगल्या आणि पुसायला सोप्या. उन्हाळ्यात मीठ बसते ते महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावे, कारण पावसाळ्यात पाऊस जे काम करतो ते कोरड्या महिन्यांत कोणी करत नाही.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरही हा प्रश्न सुटलेला आहे असे समजू नये. ब्रायटनच्या समुद्रासमोर १८९० च्या दशकात उभारलेला माडेरा टेरेस हा अर्ध्या मैलाहून लांब बिडाच्या कमानींचा सज्जा गंजाने इतका खिळखिळा झाला की २०१२ मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. त्यामुळे अंदाजपत्रकात सज्जाच्या खर्चापुढे दर चार-पाच वर्षांनी रंगकामाची रक्कम आजच लिहून ठेवावी. ती परवडत नसेल तर वेंगुर्ल्याला सागवानाचे सुतार अजून चांगले आहेत.